माझ्या खोलीत सगळ्यांचे आवाज बरे का होतात

सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (यंदा सत्तावन्न पूर्ण) वाकून नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याने डाव्याचं अनुकरण करायला सुरुवात केली असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, तेव्हापासून आम्ही दोघं काळजीत आहोत. तीन मजले चढउतार करू नकोस, पिशवी दोरीला बांधून खाली सोड, लोक हसतील तर हसू देत. आम्ही सगळे खुशाल आहोत. त्या दिवशी फोनवर आपलं बोलणं फार छान झालं. (तू जरा घाईने फोन ठेवलास असं तुझ्या भावजयीचं मत आहे, पण तिची मतं तुला ठाऊकच आहेत.) त्याला तीन आठवडे झाले, तुझा पुन्हा फोन नाही. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. फोनवर काही सविस्तर सांगता येत नाही, शिवाय माझं अक्षर बघून तुला बरं वाटतं असं तू एकदा म्हणाली होतीस, तेव्हा मी सहावीत होतो. या पत्राला तीन कारणं आहेत. पहिलं मोठं आहे, दुसरं मध्यम, आणि तिसरं शेवटी जागा उरली तर लिहीन. आईच्या शिवणयंत्राचा विषय यातल्या एकाही कारणात नाही. अकरा वर्षं आपण त्यावर भांडतो आहोत, एक पत्र त्याच्याशिवाय जाऊ दे.

तर पहिलं कारण: ताई, मी जिंकलो! आवाज तपासणी विभागात सव्वीस वर्षं घालवलेल्या तुझ्या भावाचा अठरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, भर सभेत, मोठ्या डॉक्टरांसमोर, बसस्थानकाच्या व्यवस्थापकांसमोर आणि बाहेरच्या बाकांवरून डोकावणाऱ्या एकोणीस रुग्णांसमोर जयजयकार झाला. जयजयकार हा शब्द मी तोलूनमापून वापरतो आहे. टाळ्या वाजल्या आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उभं राहून टोपी काढली. (नंतर कळलं की त्यांना टोपीत गरम होत होतं. पण वेळ बघ ना, अचूक साधली.)

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आमचं काम सांगितलं पाहिजे, कारण लग्नसमारंभात तू माझी ओळख अजूनही ‘तो दवाखान्यात असतो’ अशीच करून देतेस. आमच्याकडे घसा बसलेले, आवाज फाटलेले, बोलताना दमणारे लोक येतात. मी त्यांना खुर्चीत बसवतो, तोंडापासून एक वीत अंतरावर मायक्रोफोन ठेवतो आणि लांबलचक ‘आ’ म्हणायला लावतो. गळ्यातले पडदे सेकंदाला शेदोनशे वेळा हलतात. प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्यासारखाच आहे की कमीजास्त होतो, आणि सुराबरोबर नुसती हवा किती फुसफुसते, हे यंत्र मोजतं आणि कागदावर आकडे छापून देतं. आकडे चांगले तर मी खाली ‘उत्तम’ असा शिक्का मारतो. वाईट असतील तर कागद मोठ्या डॉक्टरांकडे जातो आणि ते भिवया उंचावतात. सगळं काम डोळ्यांचं. पडद्यावरची रेष बघायची, आकडे बघायचे. हे ‘डोळ्यांचं’ जरा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

विभागात दोन खोल्या आहेत. एक माझी, दुसरी दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या बाईंची. या बाईंचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण सगळे त्यांना कुजबूज म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्या रागावत नाहीत. (रागावल्या तरी कुणाला कळणार?) अत्यंत हुशार, अत्यंत नेटक्या, पेन्सिलीला टोक काढून मग विचार करणाऱ्या. बोलतात इतक्या हळू की समोरचाही आपोआप हळू होतो, एखाद्याचं तान्हं पाळण्यात झोपलं असावं तसा. त्यात त्यांच्या खोलीच्या दारावर जुनी ‘शांतता राखा’ पाटी आहे. तुझ्या ग्रंथालयातल्या पाटीसारखीच अगदी, म्हणून मला त्या खोलीत गेलो की उगीचच पुस्तक परत करायचं राहिल्यासारखं वाटतं.

आता चमत्कार ऐक. सहा महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की माझ्या खोलीतून निघणारे कागद बहुतेक ‘उत्तम’ असतात आणि कुजबूजबाईंच्या खोलीतून निघणारे बहुतेक वाईट. रुग्ण एकाच रांगेतले, चिठ्ठी टाकून दोन्हीकडे वाटलेले. आधी त्यांना वाटलं यंत्रात बिघाड. यंत्रांची अदलाबदल केली. माझ्याकडे आलेलं यंत्र सुधारलं आणि त्यांच्याकडे गेलेलं बिघडलं. मग खुर्च्या बदलल्या. मग त्यांच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे म्हणून रंग दिला, त्या वासाने दोन दिवस सगळेच खोकत होते आणि आकडे आणखी घसरले. शेवटी आम्हा दोघांची खोल्यांमध्येच अदलाबदल केली, आणि बघतात तर चमत्कार माझ्याबरोबर चालत पलीकडच्या खोलीत गेला. मग मात्र मोठ्या डॉक्टरांनी शास्त्र बाजूला ठेवलं आणि सहामाही अहवालात स्वतःच्या अक्षरात लिहिलं की या तंत्रज्ञाला ‘हातगुण’ आहे.

ताई, मी माणूस आहे. अहवालात हातगुण आला आणि माझी चाल बदलली. मी पायऱ्या जपून उतरू लागलो, कारण आता मी विभागाची मालमत्ता होतो. रुग्ण माझ्याच खोलीसाठी अडून बसू लागले, कुजबूजबाई रिकाम्या खोलीत पेन्सिलीला टोक काढत बसू लागल्या. मला त्यांची दया यायची, आणि दया येण्यात जी एक गोडी असते तीही यायची, खोटं कशाला बोलू. मी चौदा पानांचा एक निबंधही लिहायला घेतला. माझ्या यशाचं रहस्य मी पाठीच्या कण्यात शोधलं होतं: रुग्णाने कसं बसावं, हनुवटी किती वर, तळपाय जमिनीवर कसे. तुझी भावजय म्हणाली, तुम्ही स्वतः तर पोत्यासारखे बसता. मी तिकडे दुर्लक्ष केलं. (तिची मतं तुला ठाऊकच आहेत.)

आणि मग घोषणाबाई आल्या. बसस्थानकावर बावीस वर्षं कुठली गाडी कुठल्या फलाटावर ते सांगणाऱ्या. उंच, ठसठशीत, बोलण्यापूर्वी हातातल्या कुठल्याही वस्तूवर दोन टिचक्या मारणाऱ्या, कारण मायक्रोफोनची सवय. स्थानकाने सगळ्यांची तपासणी काढली होती. त्यांची पाळी कुजबूजबाईंकडे लागली, आणि कागद वाईट आला. इतका वाईट की व्यवस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना पत्र दिलं: आवाज निकामी, महिनाअखेरीपासून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसावं. तिथे बोलायचं काम नसतं, छत्र्यांना चिठ्ठ्या लावायच्या असतात. कुणीतरी त्यांना माझ्या हातगुणाचं सांगितलं, त्या माझ्याकडे आल्या, आणि माझ्या यंत्रातून असा कागद निघाला की तो चौकटीत घालून भिंतीवर लावावा. एकाच गळ्याचे एकाच आठवड्यातले दोन कागद, एक म्हणतो निकामी, एक म्हणतो उत्तम. बाई दोन्ही हातांत दोन कागद धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “गेला असेल तर गेला म्हणा हो, मी छत्र्या मोजीन. पण गेलाय का, ते तरी एकदा नक्की सांगा.”

त्या क्षणी मला पहिल्यांदा हातगुणाची लाज वाटली. कारण खरंच माझ्या हातात गुण असेल तर त्यांचा आवाज माझ्या खोलीपुरताच बरा होता, आणि स्थानकावर काही मी त्यांच्यासोबत बसणार नव्हतो. व्यवस्थापकही काही खुळे नव्हते. त्यांनी कळवलं की दोन कागदांतला खरा कोणता ते आमच्यासमोर ठरवा, नाहीतर वाईट कागद खरा धरू. गुरुवार ठरला. सकाळी अकरा.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी मधल्या मोठ्या दालनात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडायला लावली, म्हणजे खोलीचा, भिंतीचा, पाटीचा प्रश्नच नको. आधी मी. माझी पद्धत मी तुला सांगतो, कारण आता तिला ऐतिहासिक महत्त्व आलं आहे. मी म्हणतो, ‘म्हणा आ.’ रुग्ण म्हणतो. मी वाट बघतो. मग मी जरा पुढे वाकतो आणि म्हणतो, ‘म्हणा की.’ रुग्ण पुन्हा म्हणतो. मी कानामागे हात नेतो (केस सारखे करायची माझी सवय आहे, असं मी समजत होतो) आणि म्हणतो, ‘हं, करा सुरुवात.’ तिसऱ्या वेळेला आवाज छान खणखणीत निघतो आणि मी बटण दाबतो. गेल्या काही वर्षांत बहुतेक रुग्ण तिसऱ्या वेळेलाच सुरू करतात असा माझा अनुभव होता, आणि लोक डॉक्टरांना फार बुजतात असा मी त्याचा अर्थ लावला होता. घोषणाबाईंनीही तिसऱ्या वेळेला सुरुवात केली. कागद निघाला: उत्तम. मग कुजबूजबाईंनी त्यांच्या यंत्राशी बसून पुटपुटत काहीतरी सांगितलं, घोषणाबाई तशाच मऊ सुरात ‘आ’ म्हणाल्या, कागद निघाला: वाईट. तोच गळा, दहा मिनिटांचं अंतर. व्यवस्थापकांनी घड्याळात बघितलं. मोठ्या डॉक्टरांच्या भिवया चढल्या त्या उतरेचनात. घोषणाबाई खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाल्या.

तेव्हा कुजबूजबाई उठल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन्सिलीने दोन्हीच्या अगदी तळाशी एकेक वर्तुळ काढलं, आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मी समंजसपणे मान हलवली. त्या पुन्हा म्हणाल्या. मी हसून म्हणालो, “अगदी बरोबर, मीही तेच म्हणणार होतो.” सभेत शांतता पसरली. (शांतता मला ताबडतोब कळते.) कुजबूजबाई लाल झाल्या आणि त्यांनी घोषणाबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. घोषणाबाईंनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पाण्याच्या पेल्यावर दोन टिचक्या मारल्या आणि बावीस वर्षांच्या सवयीने, फलाट एक ते बारा सगळीकडे जाईल अशा सुरात त्या म्हणाल्या:

“कृपया इकडे लक्ष द्यावं! या साहेबांना ऐकू येत नाही! म्हणून सगळे यांच्याशी मोठ्याने बोलतात! मोठ्याने बोललं की आकडे सुधारतात! हळू बोललं की बिघडतात! पुन्हा एकदा! या साहेबांना ऐकू येत नाही!”

हे मात्र मला पहिल्या खेपेला ऐकू आलं. बाकांवरच्या एकोणीस जणांनाही आलं, आणि खालच्या मजल्यावर औषधं देणाऱ्यांनाही, ते वर धावत आले. आणि ताई, त्या दालनात मी उभा, अंगावर पांढरा कोट, त्याच्या खिशात हातगुणाच्या अहवालाची घडी. कागदाच्या तळाशी आवाजाचा जोर छापलेला असतो, तो आजवर कुणीच वाचला नव्हता, कारण त्याच्यावरच शिक्का बसतो. माझ्या कागदावर अठ्ठ्याहत्तर, त्यांच्या कागदावर एकसष्ट. सगळं लख्ख होतं. पंचवीस पावलांवर, बोळाच्या त्या टोकाला, कान तपासणीचा विभाग आहे. तिथल्या मंडळींबरोबर मी रोज चहा पितो, त्यांचं जे ऐकू येत नाही त्याला हसतो, आणि सहा वर्षं तिथल्या खुर्चीत एकदाही बसलो नाही. मला माहीत होतं का? होतं. डावा कान संपला आहे आणि उजवा निवृत्तीला टेकला आहे, हे मला आतून ठाऊक होतं. पण कान तपासणाऱ्यांच्या शेजारी बसणाऱ्याने बहिरं व्हावं याची लाज इतकी की मी स्वतःपासूनही ते लपवलं. त्या क्षणी दोन वाटा होत्या. एक म्हणजे हातगुणाला चिकटून राहायचं, घोषणाबाईंना उद्धट ठरवायचं आणि छत्र्यांकडे पाठवायचं. ते सोपं होतं, मोठे डॉक्टर माझ्याच बाजूने होते. मी खिशातला तो अहवाल चुरगाळला आणि म्हणालो, “बाई म्हणतात ते खरं आहे. डाव्याने मुळीच येत नाही. उजव्याने थोडं.” आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण केलं आणि सगळ्यात जास्त टाळ्या मिळवल्या.

मग मात्र मी सभा ताब्यात घेतली. (कुजबूजबाईंनी आकडे वाचले, घोषणाबाईंनी ते सगळ्यांना ऐकवले, पण ताब्यात मी घेतली.) घोषणाबाईंना एकाच यंत्रासमोर तीन पट्ट्यांत ‘आ’ म्हणायला लावलं: पुटपुटत, नेहमीसारखं, आणि गाडी चुकलेल्या माणसाला हाक मारल्यासारखं. आकडे पायरी पायरीने सुधारत गेले. गळा तोच, रोग नाही की औषध नाही, फक्त जोर. मी सगळ्यांना सायकलचं उदाहरण दिलं: अगदी सावकाश चालवली की हँडल डगमगतं आणि जरा वेग दिला की सरळ जाते, म्हणून सावकाश चालवणाऱ्याच्या सायकलीला कुणी मोडकी म्हणत नाही. व्यवस्थापकांना ते फार पटलं. मोठ्या डॉक्टरांना पटेना, म्हणून ते स्वतः बसले. ते नेहमी खर्जात, ओठ न हलवता बोलतात, म्हणजे समोरच्याने वाकून ऐकावं. यंत्राने त्यांच्या कागदावर छापलं, ‘तातडीने उपचार आवश्यक’. औषधं देणारे लगेच पुढे सरसावले. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा ओरडून ‘आ’ केला आणि ठणठणीत होऊन उठले. त्यानंतर विरोध उरला नाही.

घोषणाबाईंचं पत्र व्यवस्थापकांनी तिथेच फाडलं. बाईंनी कुजबूजबाईंना मिठी मारली, मला मारावी की नाही याचा एक क्षण विचार केला आणि शेवटी माझ्या उजव्या कानाजवळ येऊन अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. काय ते मला कळलं नाही, पण चांगलं असावं. आता दोन्ही यंत्रांवर एक दिवा बसवला आहे. रुग्णाच्या आवाजाचा जोर ठरलेल्या पट्ट्यात आला तरच तो हिरवा होतो आणि तेव्हाच बटण चालतं, मग समोर मी असो, कुजबूजबाई असोत की दगड असो. नव्या अहवालात हातगुण खोडून तिथे लिहिलं आहे की ही सुधारणा ‘तंत्रज्ञाच्या श्रवणदोषामुळे शक्य झाली’. आपल्या सबंध घराण्यात आजवर कुणाच्या दोषाची अशी लेखी वाखाणणी झाल्याचं मला आठवत नाही. शनिवारी आम्ही दोघं मुद्दाम बसस्थानकावर जाऊन बसलो. कुठेही जायचं नव्हतं. फलाट तीनच्या बाकावर बसून बाईंच्या सगळ्या घोषणा ऐकल्या, आणि पाचव्या गाडीनंतर बाई म्हणाल्या की फलाट तीनवरच्या साहेबांनी कृपया वहिनींना काहीतरी थंड पाजावं. सगळा फलाट वळून बघत होता, ताई. मी उठून पाजलं.

एक गोष्ट जयजयकाराच्या आड आहे, तीही लिहितो. माझ्याकडे ओरडून ‘उत्तम’ शिक्का घेऊन गेलेल्यांत काहींचे आवाज खरंच बिघडलेले असणार, हे त्या दिवशी घरी येताना माझ्या लक्षात आलं आणि जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांना पत्रं लिहायला बसलो. त्रेपन्न जण आतापर्यंत परत आले. हिरव्या दिव्याखाली चौघांचे आकडे वाईट निघाले. डॉक्टर म्हणतात वेळेत सापडले, औषधाने बरे होतील. मी त्या चौघांची हात जोडून माफी मागितली. त्यातल्या एका शिंपीकाकांनी मलाच धीर दिला. बाकीचे येईपर्यंत माझी झोप काही धड नाही, पण कुजबूजबाई रोज यादी घेऊन माझ्या शेजारी बसतात आणि आम्ही दोघं मिळून नावं खोडतो. चौदा पानांचा निबंध त्यांनी वाचला. पाठीच्या कण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते चुकीचं आहे, पण अक्षर सुंदर आहे, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या आता मला सगळं लिहूनच देतात.

दुसरं, मध्यम कारण: मी पंचवीस पावलं चालून त्या खुर्चीत बसून आलो. उजव्या कानासाठी श्रवणयंत्र मिळालं आहे, हरभऱ्याएवढं, कानात घातलं की दिसतसुद्धा नाही. घातल्यावर पहिल्यांदा ऐकू आल्या त्या माझ्याच चपला, मी इतका घासत चालतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं म्हणे.) तुझी भावजय स्वयंपाक करताना स्वतःशी बोलते, हे सहा वर्षांनी कळलं. तिची मतं मला वाटत होती त्याच्या तिप्पट आहेत. बरीचशी माझ्याबद्दल आहेत आणि, वाईट वाटतं, बरीचशी बरोबर आहेत.

गुडघ्याला जप. पिशवीची दोरी जाड घे. इथले सगळे तुला नमस्कार सांगतात, माझे दोन्ही कान धरून.

तुझा,
सभेत जाहीर झालेला धाकटा

ता. क. जागा उरली आहे, म्हणून तिसरं कारण. त्या दिवशी फोनवर आपलं बोलणं छान झालं असं मी वर लिहिलं ते खोटं आहे. तुझ्या बोलण्यातलं मला जवळपास काहीच ऐकू आलं नाही. गेली काही वर्षं तुझ्या फोनवर मी ठेवणीतली चारच उत्तरं देतो: ‘असं होय’, ‘बरोबर आहे’, ‘बघू या’, आणि हसणं. तू आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांमध्ये हळू बोलत आलीस, आणि महत्त्वाचं काही असलं की आणखी हळू बोलतेस. त्या दिवशी तू एक वाक्य बोललीस आणि थांबलीस. थांबणं मला ऐकू आलं. उत्तराची वाट बघते आहेस हेही कळलं. चारांपैकी मी हसणं निवडलं, ताई. मग तू फोन ठेवलास. तीन आठवडे ते हसणं माझ्या घशात अडकून आहे. सभेत सगळ्यांसमोर कबूल करायला जेवढं धैर्य लागलं नाही तेवढं या आठ ओळी लिहायला लागलं. म्हणून आधी आठ पानं बडबड केली.

ता. क. २ (मंगळवार). हिला काल दुपारी हे वाचून दाखवलं. ती म्हणते, त्या फोनच्या आठवडाभर आधी तू तिला पत्रातून सहज विचारलं होतंस की आमच्या मागच्या खोलीत ऊन येतं का, आणि मधे पायऱ्या किती आहेत. तर येतं, सकाळी नऊपर्यंत. पायरी एकही नाही. भाऊजी गेल्यापासून तू एकटी आहेस, इकडे येतेस का हे मीच तुला विचारायला हवं होतं. कालच ती खोली रिकामी केली. चौदा पानांच्या निबंधाच्या तीन प्रती तिथे होत्या, त्या रद्दीत दिल्या. आईचं शिवणयंत्र खिडकीपाशी सरकवून, तेल घालून ठेवलं आहे. ते तुझं आहे. होतंच, पण भांडायला आणखी काही विषय नव्हता.

ता. क. ३. तू भलतंच काही विचारलं असशील तरी उत्तर ‘हो’ आहे. फक्त एकदा फोन कर आणि पुन्हा विचार, मी यंत्र घालून बसलो आहे. मोठ्याने बोलू नकोस. तुझ्या नेहमीच्या आवाजात विचार.